पोस्टग्रेसची फाईल लिहिणारी फंक्शन्स: कोड वाचून आणि थोडा उचलून वापरल्यावरचं माझं मत

आधीच सांगते, हा रिव्ह्यू पोस्टग्रेस डेटाबेसचा नाहीये. क्वेरी किती फास्ट चालतात, इंडेक्स कसे आहेत, यातलं काही इथे मिळणार नाही. मला बोलायचंय ते त्याच्या पोटातल्या एका छोट्या भागाबद्दल, जो मेमरीतले बाइट्स उचलून फाईलमध्ये नेऊन ठेवतो. म्हणजे मुख्यतः फाईल_युटिल्स डॉट सी आणि एफडी डॉट सी या दोन फाईलींतली काही फंक्शन्स. सोर्स सगळ्यांना उघडा आहे, लायसन्स बीएसडी आणि एमआयटीच्या जातीचं आहे, कॉपीराइटची नोटीस तशीच ठेवली की कोड उचलून आपल्या प्रोजेक्टमध्ये टाकता येतो, त्यामुळे मी याकडे एक छोटी लायब्ररी म्हणूनच बघितलं आणि तसाच रिव्ह्यू करतेय. जे म्हणतेय ते वर्जन १६ धरून आहे.

मी इकडे वळले कशी ते सांगते. आमच्या टीमचं एक आतल्या वापराचं टूल आहे, कामांची यादी ठेवणारं, आणि त्याला एक ॲपेंड लॉग आहे, म्हणजे नवीन नोंद फक्त शेवटी जोडत जाणारी फाईल. त्या लॉगमध्ये लिहिणारा कोड पाच जणांनी पाच वेळेला लिहिला होता, प्रत्येकाचा स्वतःचा लूप. एकाने राइटने (फाईलमध्ये लिहायला ऑपरेटिंग सिस्टिमला केलेला कॉल, म्हणजे सिस्टिम कॉल) परत दिलेला लिहिलेल्या बाइट्सचा आकडा तपासला होता, एकाने फक्त उणे एक, म्हणजे एरर, आला का एवढंच बघितलं होतं, आणि एका ठिकाणी तर काहीच तपासलं नव्हतं. डिस्क भरली त्या दिवशी त्या तिसऱ्या ठिकाणाहून अर्धी नोंद लिहिली गेली, प्रोग्रॅमला वाटलं झालं, पुढची नोंद त्या अर्ध्याला चिकटून बसली, आणि दुसऱ्या दिवशी टूल सुरू करताना लॉग वाचताच येईना. दोन दिवस हेक्स डंप बघत बसलो होतो सगळे. त्यानंतर ठरवलं की लिहिण्याचं काम एकाच ठिकाणी, एकाच फंक्शनमध्ये आणायचं, आणि आणायच्या आधी ज्यांनी हे वर्षानुवर्षं केलंय त्यांनी कसं केलंय ते नीट वाचायचं.

तर पहिलं आणि मला सगळ्यात आवडलेलं फंक्शन म्हणजे पीजी_पीराइट_झीरोज. काम एकदम साधं, फाईलमध्ये अमुक जागेपासून अमुक इतके शून्य बाइट्स लिहा. तीन गोष्टी द्यायच्या, फाईल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाईलला मिळालेला नंबर), साइज आणि ऑफसेट (फाईलमध्ये कुठून लिहायचं ती जागा). ऐकायला वाटेल की शून्य लिहायला कशाला वेगळं फंक्शन, एक लूप टाकला की झालं. पण डेटाबेसमध्ये शून्य लिहिणं हे रोजचं काम आहे. पोस्टग्रेसच्या वॉलची म्हणजे राइट-अहेड लॉगची (बदल डेटा फाईलींच्या आधी जिथे नोंदवतात त्या लॉगची) प्रत्येक फाईल डिफॉल्टने १६ एमबीची असते, आणि नवीन फाईल तयार करताना ती आधी पूर्ण शून्यांनी भरून घेतात. कारण असं की लिनक्ससारख्या सिस्टिमवर नुसतं शेवटाकडे उडी मारून एक बाइट लिहिला तर मधली जागा खरंच मिळालेली नसते, फाईलमध्ये भोक राहतं, आणि मग ऐन कमिटच्या (बदल पक्का करण्याच्या) वेळी जागा नाही असं कळणं म्हणजे संपलंच. पूर्ण भरून एकदा एफसिंक (लिहिलेलं खरंच डिस्कवर उतरवायला लावणारा कॉल) केलं की जागाही पक्की होते आणि कुठला ब्लॉक डिस्कवर कुठे आहे ही माहितीही डिस्कवर उतरलेली असते, मग नंतरच्या प्रत्येक कमिटला नुसतं एफडेटासिंक (त्याचाच हलका प्रकार, मुख्यतः डेटाच उतरवणारा) पुरतं.

आता हे शून्य लिहायचे कसे. वॉलचा ब्लॉक डिफॉल्टने ८ केबीचा. १६ एमबी भागिले ८ केबी म्हणजे २०४८ ब्लॉक, एकेक ब्लॉक लिहित गेलो तर २०४८ सिस्टिम कॉल. यांनी काय केलंय, ८ केबीचा एकच स्टॅटिक कॉन्स्ट शून्य बफर ठेवलाय आणि पीराइटव्ही नावाच्या कॉलला, जो एका दमात अनेक तुकडे लिहितो, ३२ तुकड्यांची यादी देतात आणि यादीतला प्रत्येक तुकडा त्याच एका बफरकडे बोट दाखवतो. एका कॉलमध्ये २५६ केबी, म्हणजे पूर्ण फाईल ६४ कॉलमध्ये. मेमरी लागली ८ केबीच, तीही रीड-ओन्ली भागातली, मॅलॉक (मेमरी मागणं) नाही, मेमसेट (ती शून्य करणं) नाही. हे वाचलं तेव्हा मी खरंच खुर्चीत सरळ होऊन बसले, कारण आमच्याकडे याच कामासाठी १ एमबीचा बफर दर वेळी अलोकेट करून, शून्य करून, लिहून, फ्री केला जायचा.

३२ का, जास्त का नाही, तर लिनक्सवर अशा यादीची मर्यादा १०२४ आहे पण पॉझिक्सने (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या मानकाने) हमी दिलेली किमान मर्यादा फक्त १६ आहे, म्हणून कोडमध्ये सिस्टिमची मर्यादा आणि ३२ यातलं जे लहान ते घेतलंय. ही यादी स्टॅकवर ठेवतात, त्यामुळे ती फार मोठी असून चालतही नाही. दोन सिस्टिमवर कंपाइल होणारा कोड लिहिताना असं एक मॅक्रो किती भांडणं वाचवतं ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

बफर ४०९६ बाइट्सच्या सीमेवर अलाइन केलेला आहे, कारण वर्जन १६ मध्ये डायरेक्ट आयओची (कर्नलची कॅश टाळून लिहिण्या-वाचण्याची) प्रायोगिक सोय आली आणि तिथे मेमरीचा पत्ता वाटेल तसा चालत नाही. शेवटचा तुकडा ८ केबीपेक्षा लहान असला तर तोही लिहिला जातो, साइज ब्लॉकच्या पटीतच हवी अशी सक्ती नाही. इथे मात्र वापरणाऱ्याने लक्ष द्यायला हवं, डायरेक्ट आयओ वापरत असाल तर लांबीही नीट पटीतली असणं ही तुमची जबाबदारी, फंक्शन तुम्हाला काही बोलणार नाही.

हे फंक्शन या आकाराला कसं आलं तेही बघण्यासारखं आहे, मला तर वाटतं री-युजेबल कोड कसा घडतो याचा हा फार चांगला नमुना आहे. वर्जन १४ मध्ये शून्य भरायचा पीराइटव्हीवाला लूप सर्व्हरच्या वॉल सांभाळणाऱ्या कोडमध्येच लिहिलेला होता. दुसरीकडे पीजी_रिसीव्हवॉल आणि पीजी_बेसबॅकअप ही क्लायंट बाजूची टूल्स, त्यांनाही वॉलच्या फाईली तयार कराव्या लागतात, त्यांच्याकडे त्याच कामाचा वेगळा, साध्या राइटचा, एकेक ब्लॉक लिहिणारा लूप. म्हणजे एकच काम, दोन जागा, दोन वेग. वर्जन १६ वर काम चालू असताना दोन्ही मिळून एक फंक्शन झालं, आणि पहिल्यांदा त्याला ऑफसेट हा पॅरामीटर नव्हताच, कारण दोघांनाही फाईल सुरुवातीपासूनच भरायची होती. मग टेबलची फाईल एकदम अनेक ब्लॉक्सनी वाढवायचं काम आलं, तिथे शून्य मधूनच सुरू करायचे असतात, तेव्हा ऑफसेट जोडला गेला. आधीच दहा पॅरामीटर ठेवून बसले नाहीत. मला हे फार पटलं. आमच्याकडे उलटं होतं, पहिल्याच दिवशी कोणीतरी फ्लॅग्जचा एक स्ट्रक्ट बनवला होता ज्यातले निम्मे फ्लॅग कधी कोणी वापरले नाहीत, आणि ते काढायची हिंमतही कोणी केली नाही.

आता त्याच्या खालचं फंक्शन, पीजी_पीराइटव्ही_विथ_रिट्राय. खरी मेख इथे आहे. राइट किंवा पीराइटव्ही हे कॉल तुम्ही सांगितले तेवढे सगळे बाइट्स लिहितीलच असं कोणी कबूल केलेलं नाही. अर्धे लिहून परत येऊ शकतात आणि ती एरर नसते. लिनक्सवर तर एका कॉलमध्ये जास्तीत जास्त २,१४७,४७९,५५२ बाइट्सच जातात, त्याहून मोठं काही दिलंत तर अर्धंच लिहिलं जाणार हे ठरलेलं आहे. साध्या बफरच्या बाबतीत उरलेलं परत लिहिणं सोपं असतं, पॉइंटर पुढे सरकवा, लांबी कमी करा. पण यादी दिलेली असते तेव्हा अर्धवट लिहिणं कुठल्यातरी तुकड्याच्या मधोमध थांबलेलं असू शकतं, मग पूर्ण झालेले तुकडे वगळायचे, मधल्या तुकड्याची सुरुवात सरकवायची, आणि हे सगळं तुम्हाला आलेल्या मूळ यादीत बदल न करता. हे फंक्शन त्यासाठी यादीची स्वतःची कॉपी करून घेतं, म्हणजे कॉल करणाऱ्याची यादी जशीच्या तशी राहते. आमच्या पाच लूपपैकी एकात नेमकी हीच चूक होती, दिलेली यादीच बदलत होता तो कोड, आणि वरच्या माणसाने तीच यादी परत वापरली की चुकीच्या जागेचा डेटा जायचा.

या फंक्शनबरोबरची कॉमेंट फार प्रामाणिक आहे, एरर परत आली तर किती लिहिलं गेलं हे ठरलेलं नाही असं स्पष्ट लिहिलंय. पहिल्यांदा वाचताना मला हे अपुरं वाटलं होतं, म्हटलं किती लिहिलं ते सांगायला काय जातंय. पण विचार केल्यावर कळलं की डेटाबेसला त्या आकड्याचं करायचं काय असतं. नवीन वॉल फाईल बनवताना यांनी आधी एका तात्पुरत्या नावाने फाईल उघडलेली असते, शून्य भरताना काही बिघडलं तर ती फाईल सरळ डिलीट करतात म्हणजे अडकलेली जागा मोकळी होते, आणि सगळं नीट झालं तरच एफसिंक करून खऱ्या नावावर आणतात. अर्धवट फाईल खऱ्या नावाने कधी दिसतच नाही. म्हणजे वरच्या पातळीवर सगळं किंवा काहीच नाही अशी रचना आहे, म्हणून खालचं फंक्शन इतकं छोटं राहू शकलं. आमच्या ॲपेंड लॉगला हे लागू होत नाही, तिथे फाईल आधीपासून चालू असते, म्हणून आम्ही एरर आली की आधीच्या शेवटच्या पक्क्या लांबीपर्यंत फाईल ट्रंकेट करतो, म्हणजे पुढचा भाग कापतो. कोड उचलताना हा फरक लक्षात घेतला नाही तर पस्तावायची वेळ येईल.

अजून एक बारीक गोष्ट जी पोस्टग्रेसमध्ये लिहिण्याच्या कोडजवळ परत परत दिसते. राइटने सांगितल्यापेक्षा कमी लिहिलं आणि एररनो (सिस्टिम कॉलच्या एररचा कोड जिथे मिळतो ते व्हेरिएबल) मात्र शून्यच आहे, तर काय समजायचं. हे लोक एररनो कॉल करायच्या आधी शून्य करतात आणि असं झालं तर जागा संपली असं धरून स्वतःच तो एरर कोड भरतात. का, तर नाहीतर वापरणाऱ्याला मेसेज जातो की फाईल लिहिता आली नाही, कारण: सक्सेस. असा मेसेज मी रात्री अडीच वाजता लॉगमध्ये वाचलेला आहे आणि त्यातून काय बोध घ्यायचा ते मला आजही कळलेलं नाही.

आता ही फंक्शन्स राहतात कुठे याबद्दल, कारण डिझाइनमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय माझ्या मते तोच आहे. पोस्टग्रेसच्या सोर्समध्ये एक भाग सर्व्हरचा, एक क्लायंट टूल्सचा, आणि कॉमन नावाचा एक फोल्डर दोघांचा. सर्व्हरमध्ये एरर द्यायची पद्धत एकदम वेगळी आहे, एरर पुकारली की कंट्रोल तिथून थेट उडी मारून वरती जातो, ट्रान्झॅक्शन रद्द होतं. क्लायंट टूलमध्ये तसलं काही नाही. मग दोघांना चालेल असं फंक्शन लिहायचं तर ते एरर पुकारू शकत नाही, मेसेज छापू शकत नाही, काही नाही. ते फक्त उणे एक परत देतं आणि एररनो तसाच ठेवतं. मेसेज काय द्यायचा, फाईलचं नाव काय, थांबायचं की पुढे जायचं, हे सगळं वरचा ठरवणार. पीजी_पीराइट_झीरोजला फाईलचं नाव माहीतच नाही, त्याच्या हातात फक्त डिस्क्रिप्टर आहे. एफसिंकही ते करत नाही. आमच्या जुन्या कोडमध्ये लिहिणारं फंक्शनच लॉग लिहायचं, तेच रिट्राय करायचं, तेच कधीकधी प्रोसेस बंद करायचं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला ते वापरताच यायचं नाही आणि म्हणूनच पाच लूप झाले. हे मला पोस्टग्रेसचा कोड वाचेपर्यंत दिसलं नव्हतं.

सर्व्हरसाठी या छोट्या फंक्शनवर आणखी एक थर आहे, फाईलझीरो. पोस्टग्रेसमध्ये सर्व्हर फाईली थेट उघड्या ठेवत नाही, व्हर्च्युअल डिस्क्रिप्टर ठेवतो, कारण टेबलं १ जीबीच्या तुकड्यांत असतात, हजारो फाईली लागू शकतात आणि एका प्रोसेसला तेवढे डिस्क्रिप्टर मिळत नाहीत, डिफॉल्ट मर्यादाच १००० ठेवलीय. बरेच दिवस न वापरलेली फाईल गुपचूप बंद होते, लागली की परत उघडते. फाईलझीरो हे उघडण्याचं बघतं, स्टॅटिस्टिक्ससाठी वेट इव्हेंट नोंदवतं, आणि खरं काम खालच्या फंक्शनला देतं. त्याचा भाऊ फाईलफॉलोकेट, तो शून्य लिहितच नाही, फाईल सिस्टिमला सांगतो की जागा राखून ठेव, आणि फाईल सिस्टिमला ते जमत नसेल तर मुकाट्याने फाईलझीरोकडे वळतो. टेबल एका वेळी ८ ब्लॉकपेक्षा जास्त वाढवायचं असेल तर हा दुसरा रस्ता, कमी असेल तर शून्य लिहायचे. थर असे पातळ असले की वाचायला त्रास होत नाही, प्रत्येक थरात एकच नवीन काळजी आहे.

विंडोजवाल्यांसाठी एक गोष्ट. पीराइट या कॉलची खासियत अशी की तो फाईलची चालू पोझिशन हलवत नाही, दिलेल्या ऑफसेटवर लिहितो आणि बाजूला होतो. विंडोजवर हा कॉल नाहीये, तिथे पोस्टग्रेसने स्वतःचा पर्याय लिहिलाय आणि त्यात पोझिशन हलते. म्हणून नावाच्या पुढे पीजी लावलंय, की बाबांनो हा अगदी तोच पीराइट नाही. आणि क्लायंट टूल्समध्ये शून्य भरून झाल्यावर मुद्दाम एलसीक या कॉलने पोझिशन परत शून्यावर आणतात, बाजूला कॉमेंटही आहे का ते सांगणारी. ही ओळ कोणाला फालतू वाटून काढून टाकली तर लिनक्सवर सगळ्या टेस्ट पास होतील आणि विंडोजवर लॉगचा डेटा १६ एमबीच्या पुढे लिहिला जाईल. मी स्वतः कोड उचलताना ती ओळ जवळजवळ काढलीच होती. पीराइटव्हीही तिथे नाही, त्याच्या जागी एकेक तुकडा लिहिणारा लूप आहे, म्हणजे तिथे ६४ कॉलचा फायदा मिळत नाही, काम मात्र बरोबर होतं.

टेस्टिंगबद्दल थोडं जास्त बोलते कारण इथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. अर्धवट राइट ही गोष्ट लोकल डिस्कवर रोज घडत नाही, त्यामुळे तो कोड कधी चालतच नाही आणि त्यातल्या चुका वर्षानुवर्षं झोपून राहतात. यांनी कंपाइल करताना लावायचा एक स्विच ठेवलाय, सिम्युलेट_शॉर्ट_राइट, तो लावला की प्रत्येक कॉलनंतर कोड असं धरतो की ४०९६ बाइट्सच गेले, आणि उरलेलं परत लिहितो. ८ केबीचे तुकडे असल्याने एक आड एक वेळी तो तुकड्याच्या बरोबर मध्ये थांबतो. दोन-तीन ओळींचा कोड आहे हा, पण आम्ही तोच आमच्याकडे टाकला आणि पहिल्याच रनला आमच्या नवीन कोडमधली ऑफसेटची चूक सापडली, मी ऑफसेट पुढे न्यायला विसरले होते आणि उरलेला अर्धा तुकडा पहिल्या अर्ध्याच्या डोक्यावर बसत होता. शून्य लिहिताना हे कळलंही नसतं कारण शून्यावर शून्य. म्हणून आम्ही टेस्टमध्ये शून्यांऐवजी प्रत्येक ब्लॉकमध्ये त्याचा नंबर लिहितो. याशिवाय लिनक्सवर डेव्ह-फुल नावाची एक डिव्हाइस फाईल असते, तिच्यात काहीही लिहा, जागा संपली हीच एरर येते. आणि यूलिमिटने (प्रोसेसवर मर्यादा घालणारी कमांड) फाईलची साइज मर्यादित केली की मर्यादेपर्यंतचा भाग लिहिला जाऊन अर्धवट राइट मिळतो, पुढच्या कॉलला एरर, फक्त त्याबरोबर एक सिग्नल येतो तो इग्नोर करून ठेवायचा नाहीतर प्रोसेसच मरेल. छोट्या साइजचा टीएमपीएफएस (मेमरीत राहणारी फाईल सिस्टिम) माउंट करून भरून बघणं हा तिसरा उपाय. या तिन्ही गोष्टी कुठल्याही लिनक्स मशीनवर पाच मिनिटांत होतात.

एफसिंकशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. राइटला यश आलं म्हणजे डेटा कर्नलच्या कॅशमध्ये गेला, डिस्कवर नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. २०१८ मध्ये मात्र पोस्टग्रेसच्या लोकांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक एकदा फेल झालं तर कर्नल कॅशमधली ती पानं (मेमरीचे तुकडे) स्वच्छ, म्हणजे डिस्कवर लिहून झालेली, समजून मोकळा होऊ शकतो, आणि परत एफसिंक केलं तर यश मिळतं, डेटा डिस्कवर गेलेला नसतानाही. तोपर्यंतची समजूत अशी होती की फेल झालं तर परत करून बघू. फेब्रुवारी २०१९ च्या ११.२ आणि जुन्या वर्जनांच्या सोबतच्या रिलीजपासून डेटा फाईलचं एफसिंक फेल झालं की सर्व्हर पॅनिक करतो, म्हणजे मुद्दाम क्रॅश होतो, आणि वॉलमधून रिकव्हरी करतो, आणि जुनी वागणूक हवी असेल तर डेटा_सिंक_रिट्राय नावाची सेटिंग आहे जी डिफॉल्टने बंद असते. आमच्याकडे लिहिणाऱ्या फंक्शनमध्येच तीन वेळा एफसिंक रिट्राय करणारा कोड होता आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. तो काढला. आता एफसिंक फेल म्हणजे टूल बंद, सुरू झाल्यावर लॉग पहिल्यापासून वाचायचा.

फाईलचं नाव बदलण्यासाठी ड्युरेबल_रिनेम आहे, जुनी फाईल एफसिंक, मग रिनेम, मग नवीन नावाच्या फाईलचं एफसिंक, मग ज्या डिरेक्टरीत ती आहे त्या डिरेक्टरीचंही. शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. डिरेक्टरी सिंक केली नाही तर लाइट गेल्यावर फाईलचं नवीन नावच गायब झालेलं असू शकतं, आत डेटा कितीही नीट असला तरी.

आता तक्रारी. पहिली, विथ_रिट्राय हे नाव. वाचून वाटतं की सिग्नलमुळे कॉल मध्येच तुटला तरी हे परत करेल. तसं नाहीये, ते फक्त अर्धवट राइटसाठी परत प्रयत्न करतं, कॉलने उणे एक दिला की तसंच परत येतं, सिग्नलमुळे असो की आणखी कशामुळे. फाईलफॉलोकेट मात्र सिग्नलचं बघतं आणि परत करतं. एकाच घरात दोन वागणुका, आणि नावावरून काही कळत नाही. आम्ही आमच्या कॉपीत सिग्नलसाठी वेगळा लूप टाकला. दुसरी, पीजी_पीराइट_झीरोज परत देताना लिहिलेल्या बाइट्सची संख्या देतं, पण ती एकतर पूर्ण साइज असते नाहीतर उणे एक, मधलं काही नाहीच. मग नुसतं शून्य किंवा उणे एक दिलं असतं तर वरच्या लोकांनी कमी आकडा आला तर काय ही तपासणी लिहिलीच नसती, जी आता फाईलझीरोमध्ये बसलीय आणि वाचणाऱ्याला वाटतं की असं होऊ शकतं. तिसरी, ड्युरेबल_रिनेम या एकाच नावाची दोन फंक्शन्स आहेत, सर्व्हरचं वेगळं, ज्याला एररची पातळी द्यावी लागते, आणि क्लायंटचं वेगळं. शून्य लिहिण्याच्या बाबतीत जे एकत्रीकरण झालं ते इथे झालेलं नाही, कारण इथे एरर मेसेज आतच दिले जातात, आणि मी वर म्हटलं तेच, जिथे मेसेज आत गेला तिथे फंक्शन वाटून घेता येत नाही.

छोटी गोष्ट, स्टॅटिक कॉन्स्ट बफर यादीत टाकताना कॉन्स्टपणा जबरदस्तीने काढावा लागतो, कारण सिस्टिमचा तो स्ट्रक्ट वाचायला आणि लिहायला दोन्हीकडे वापरतात. यात यांचा दोष नाही. फक्त कोणी चुकून त्याच यादीने रीड केलं तर रीड-ओन्ली जागेत लिहायचा प्रयत्न होईल आणि तो कॉल एरर देऊन परत येईल, तर ती यादी फंक्शनच्या बाहेर जाऊ देऊ नका.

बाकीच्यांशी तुलना करायची तर एसक्यूलाइट डेटाबेसची व्हीएफएस (त्याच्या आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या मधला थर) घ्या, ती फार वेगळ्या विचाराची आहे. तिथे पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिमच एका ऑब्जेक्टच्या मागे ठेवलीय, लिहा, वाचा, सिंक करा, लॉक करा, सेक्टर केवढा आहे ते सांगा, सगळं. कोणी आपली व्हीएफएस लिहून डेटाबेस मेमरीत किंवा एन्क्रिप्ट करून ठेवू शकतो, टेस्टवाले खोटे क्रॅश घडवू शकतात. ताकद जास्त, पण पाळायचे नियमही जास्त, उदाहरणार्थ फाईल संपली म्हणून कमी वाचलं गेलं तर उरलेला बफर शून्यांनी भरलाच पाहिजे. त्यांच्या कोडमधली एक गोष्ट मी मात्र लगेच उचलली, २०१३ च्या ३.८.१ वर्जनपासून ते ३ पेक्षा लहान नंबरचा डिस्क्रिप्टर डेटाबेस फाईलसाठी वापरतच नाहीत. कारण स्टँडर्ड एरर (एरर मेसेज छापायची ठरलेली वाट, डिस्क्रिप्टर नंबर २) बंद केलेली असली की तोच २ नंबर डेटाबेस फाईलला मिळतो आणि कुठल्यातरी लायब्ररीने छापलेला एरर मेसेज थेट डेटाबेसमध्ये जाऊन बसतो. लेव्हलडीबी ही की-व्हॅल्यू डेटा ठेवणारी लायब्ररी तिसऱ्या टोकाला, ६४ केबीचा बफर असलेला छोटा फाईल क्लास, ॲपेंड, फ्लश, सिंक, क्लोज, संपलं. फक्त शेवटी जोडत जाणारा लॉग लिहायचा असेल तर खरं सांगते, पोस्टग्रेसपेक्षा तेच मॉडेल जवळचं आहे, आमचं आता अर्धं तिथून आणि अर्धं इथून आलेलं आहे.

पाच पैकी साडेचार देईन. अर्धा नावाच्या घोळासाठी आणि दोन ड्युरेबल_रिनेमसाठी कापला. तुम्ही सी किंवा सी++ मध्ये स्वतःचं स्टोरेज लिहित असाल तर आधी फाईल_युटिल्स डॉट सी वाचा, ती लहान आहे, एका बैठकीत होते. मग वॉलची नवीन फाईल तयार करणारा कोड वाचा म्हणजे ही फंक्शन्स कोणत्या क्रमाने आणि कोणत्या भरवशावर बोलावली जातात ते दिसेल. एफडी डॉट सी नंतर घ्या, ती मोठी आहे आणि तिच्या सुरुवातीच्या लांबलचक कॉमेंटपासूनच सुरू करा. झेडएफएस किंवा बीटीआरएफएससारखी जुन्या जागी न लिहिणारी फाईल सिस्टिम असेल तर शून्य भरण्याचा फारसा फायदा नसतो, त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये वर्जन १२ पासून वॉल_इनिट_झीरो ही सेटिंग आहे, बंद केली की फक्त शेवटचा एक बाइट लिहिला जातो. आमच्या टूलमध्ये तशी सेटिंग अजून नाहीये, पुढच्या आठवड्यात टाकायची आहे.